सणाच्या ताटातील तांदूळ

तांदूळ हे आपल्या कोकणपट्टीचे रोजचे अन्न होय. एरवी त्याचा भात होतो, पेज होते, भाकरी होते. आणि सण आला म्हणजे त्याच धान्याचे पक्वान्न होते. भाद्रपदात गिरगावातील घरोघरी उकडीचे मोदक होतात. दिवाळीत दादर-परळकडे अनारशांचा घाट घातला जातो. गोव्याहून येऊन मुंबईत स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांत नाताळाकरिता दोदोल शिजतो. दूर जपानात नववर्षाच्या दिवशी मोची नावाचा तांदळाचा गोळा ताटात असतो. धान्य एकच असता ही पक्वान्ने परस्परांहून इतकी निराळी कां, आणि ती नेमकी सणासच कां होतात, या दोन प्रश्नांचा विचार आम्ही येथे योजिला आहे.

प्रथम धान्याचा स्वभाव पाहू. गव्हाचे पीठ थंड पाण्यात मळले की ते चिवट होते, कारण त्यात ग्लूटेन नावाचे द्रव्य तयार होते. तांदळाच्या पिठात ते होत नाही. म्हणून थंड पाण्यात भिजविलेली तांदळाची पिठी लाटू गेल्यास फाटते. तिला बांधून ठेवणारे द्रव्य एकच, ते म्हणजे तिच्यातील पिष्ट. या पिष्टाचे बारीक कण उष्ण पाण्यात, सुमारे ७० अंशांच्या आसपास, पाणी पिऊन फुगतात व चिकट होतात. आपल्या आया उकळत्या पाण्यात पिठी घालून, वर झाकण ठेवून वाफ आणतात, ती याच कारणासाठी. हीच उकड. शास्त्राचे नाव ठाऊक नसतानाही कृती बिनचूक साधली आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

पिष्टाचेही दोन प्रकार असतात. एकाची साखळी बहुतेक सरळ असते, त्यास अमायलोज म्हणतात. दुसऱ्याची झाडासारख्या फांद्यांची असते, त्यास अमायलोपेक्टिन म्हणतात. ज्या तांदळात पहिला प्रकार अधिक, त्याचा भात मोकळा होतो. ज्यात दुसरा अधिक, त्याचा भात चिकटतो. मोदकास मऊ भाताच्या सुवासिक तांदळाची पिठी बरी मानतात, ती यामुळेच.

मोदकाची कृती बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. जितकी पिठी तितके पाणी, त्यात किंचित मीठ व तुपाचा थेंब. उकड गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळावयाची. पारी करून आत नारळ, गूळ व वेलची यांचे सारण भरावयाचे. कळ्या पाडून मोदक हळदीच्या पानावर ठेवून वाफवावयाचा. यात कठीण काय, असे वाचणाऱ्यास वाटेल. परंतु उकड निवली की पारी चिरते, आणि गरम असताना बोटे भाजतात. या दोहोंच्या मधला जो अल्प अवकाश, त्यातच सर्व कौशल्य आहे.

अनारशास अवकाश पुष्कळ लागतो. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग सावलीत फडक्यावर पसरून दमट असतानाच कांडून चाळावयाचे, किसलेला गूळ मिसळून गोळे काही दिवस मुरू द्यावयाचे. पुढे खसखशीवर थापून मंद आचेवर तुपात तळताना अनारसा उलटावयाचा नसतो. खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्याने त्यावर तूप उडवावयाचे. गूळ किंवा ओल अधिक झाल्यास तो तुपात पसरून विरघळू लागतो, आणि बायका म्हणतात, ‘अनारसा हसला.’ अनारसा हसला म्हणजे करणारीस रडू येते! अधिक महिन्यात जावयास तेहतीस अनारशांचे वाण देण्याची चाल आहे, त्यामागे किती दिवसांचे श्रम असतात हे यावरून कळेल. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांतही करंज्या, शंकरपाळ्यांसमवेत अनारसे नाताळच्या फराळात असतात.

दोदोल हा नाताळच्या कुस्वारातील, म्हणजे गोवेकरांच्या सणाच्या फराळातील पदार्थ. तांदळाची पिठी, नारळाचा रस व माडाचा काळा गूळ एकत्र करून मोठ्या कढईत तासन् तास घोटावयाचा. हात थांबला की तळ लागतो. मिश्रण आटत जाते तसतसे जड होते, आणि एकट्या माणसाचा हात भरून येतो. म्हणून घरातील मंडळी पाळीपाळीने उलथने धरतात. याच नावाचा व याच जातीचा पदार्थ मलेशिया व इंडोनेशिया येथेही सणास करतात.

पूर्वेकडे याहून पुढे गेले म्हणजे जपान लागतो. तो देश मुंबईस अगदीच परका नाही. १८९३ साली निप्पोन यूसेन काइशा या जपानी कंपनीने कोबे ते मुंबई आगबोटींची नियमित फेरी सुरू केली. येथील कापूस त्या बोटींतून जपानी गिरण्यांकडे जाई. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तोही १८९३ सालीच.

त्या जपानात तांदळाची एक जात अशी आहे की तिच्यात अमायलोज जवळजवळ नसतेच. तो तांदूळ रात्रभर भिजवून वाफवितात आणि लाकडी उखळात घालून मोठ्या लाकडी मोगरीने कांडतात. एकजण घाव घालतो, दुसरा दोन घावांच्या मधल्या क्षणी ओल्या हाताने गोळा उलटवितो. ताल चुकला तर हात ठेचावा, असे ते काम आहे. कांडून कांडून भाताचे शित नाहीसे होते व रबरासारखा चिवट, मऊ गोळा होतो. त्यात गोड लाल चवळीसारख्या कडधान्याचे पुरण भरले म्हणजे दाइफुकू होतो. बाहेर तांदूळ व आत गोड सारण, असा हा मोदकाचा दूरचा भाऊबंद म्हणावयास हरकत नाही. नववर्षानिमित्त एक मोठा व एक लहान असे दोन गोळे एकावर एक ठेवून, वर आंबट नारिंग ठेवून घरात मांडतात, आणि पुष्कळ ठिकाणी ११ जानेवारीस ते फोडून खातात. तोवर ते इतके कठीण झालेले असतात की हातोडी घ्यावी लागते. येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. हा चिवट घास घशात अडकून दरवर्षी नववर्षाच्या सुमारास तेथे काही वृद्ध माणसे प्राणास मुकतात. यास्तव लहान तुकडे करून, नीट चावून खावे, असे तेथील अग्निशामक खाते लोकांस बजावीत असते. आपल्या घरीही आजोबा-आजींस व लहान भावंडांस चिकट पदार्थ देताना हे विसरू नये.

हे गोळे कठीण कां होतात? शिजताना सुट्या झालेल्या पिष्टाच्या साखळ्या निवल्यावर पुन्हा एकमेकींस बिलगतात, रांगेत बसतात व पाणी बाहेर टाकतात. सकाळचा मोदक दुसऱ्या दिवशी वातड लागतो तो याच कारणाने. शीतकपाटात ठेविल्यास ही क्रिया उलट लवकर होते. पुन्हा वाफ दिल्यास मोदक बऱ्याच अंशी मऊ होतो. दोदोलात गूळ फार असतो व तो पाणी धरून ठेवितो, म्हणून दोदोल पुष्कळ दिवस टिकतो. अनारशात पाणीच थोडे उरते.

आता आमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. ही पक्वान्ने एकट्याने करावयाची नव्हेत व एकट्याने खावयाचीही नव्हेत. कोठे उलथने धरावयास चार हात हवेत, कोठे तीन दिवसांची चिकाटी हवी. आणि एकवीस मोदक एका लहान कुटुंबात त्याच दिवशी कसे संपावेत? ते शेजारी गेलेच पाहिजेत. चाळीच्या गॅलरीतून झाकलेली ताटली जावयाची व रिकामी परत यावयाची नाही, ही रीत अशा पदार्थांनीच जोपासली. गणपतीस आलेल्या ताटलीची परतफेड नाताळात करंज्यांनी होत असे.

येथे आमच्या ख्रिस्ती वाचकांच्या मनात एक शंका येईल. नैवेद्याचे अन्न घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न फार जुना असून पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याचा विचार केला आहे. अन्नाने आपण देवाजवळ किंवा देवापासून दूर जात नाही. मात्र दुर्बळ बंधूच्या मनास ठेच लागू नये, असा त्याचा रोख आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या विवेकास अनुसरून वागावे. परंतु न घेणाऱ्यानेही दार उघडून, हात जोडून, प्रेमाने बोलावे. शेजाऱ्याचे श्रम त्या ताटलीत आहेत, त्यांचा मान राखणे सर्वांस शक्य आहे.

गिरगाव, परळ, लालबाग येथील कित्येक चाळी आज पडल्या. त्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि दारे बंद राहू लागली. मोदक विकत मिळतात, व ज्या माता दिवसभर नोकरीवर असतात त्यांनी ते आणल्यास त्यात गैर काही नाही. तथापि विद्यार्थ्यांनो, वर्षातून एका सणास तरी आईजवळ बसून उकड मळा. मुलग्यांनीही मळावी; जपानात मोगरी उचलणारे बहुधा पुरुषच असतात. पहिला मोदक फुटेल, दुसऱ्यास कळ्या येणार नाहीत. सातव्या-आठव्यास हात वळेल. मग त्यांतले पाच ताटलीत ठेवून, गरम आहेत तोवर, समोरच्या दाराची घंटा वाजवा. तेथे कोण राहते हे ठाऊक नसेल, तर ते त्या दिवशी कळेल.