क्रीडा मंडळाच्या लोगोत अशोकचक्र? आधी कायदा पाहा

वस्तीतील तरुण कबड्डी किंवा खो-खोचे हौशी मंडळ काढतात, तेव्हा लोगोसाठी पहिली सूचना ठरलेली असते: मधोमध अशोकचक्र आणि वर सारनाथचे सिंह. भावना समजण्यासारखी आहे, पण कायदा काय म्हणतो तेही माहीत हवे.

चिन्हे व नावांचा गैरवापर रोखणाऱ्या १९५० च्या केंद्रीय कायद्यात राष्ट्रध्वजावरील अशोकचक्राचा समावेश आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यवसायासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरता येत नाही. सिंहमुद्रेसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. सरकारशी संबंध असल्याचा भास होईल अशा रीतीने ती वापरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑलिंपिकची पाच वर्तुळेही आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मालकीची आहेत.

मग लोगोत काय घ्यावे? आपला खेळच घ्या. चढाई करणाऱ्याचा पुढे झेपावलेला हात किंवा खो-खोचा खांब पाहताच ओळखू येतो. तयार लोगो आधी एकाच रंगात, रबरी शिक्क्याएवढा छापून पाहा. रेषा एकमेकींत मिसळत असतील तर त्या कमी करा. जर्सीवर, पावतीवर आणि बॅनरवर तोच लोगो जाणार आहे.

शेवटचा मुद्दा मालकीचा. एखाद्या कार्यकर्त्याने लोगो फुकट काढून दिला, तरी १९५७ च्या कायद्यानुसार त्याचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो. तो मंडळाच्या नावे लेखी करून घ्या आणि सभेच्या इतिवृत्तात नोंदवा. पुढे मंडळात फूट पडली, तर लोगो कोणाचा हा वाद उरणार नाही.