मज्जापेशींचे मोजमाप

दाट रानात उभे राहून एकाच झाडाच्या सगळ्या फांद्या मोजा, असे कोणी सांगितले तर कोणती फांदी कोणाची हेच आपणांस कळावयाचे नाही. मेंदूतील मज्जापेशी, म्हणजे ज्यांना न्यूरॉन म्हणतात त्या, पाहणारांची अडचण हीच होती. १८७३ साली इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी ती दूर केली. त्यांच्या चांदीच्या क्षाराने थोड्याच पेशी काळ्या होतात व बाकीचे रान जणू नाहीसे होते. या पद्धतीने स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी पेशींची अप्रतिम चित्रे काढली. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले; मते मात्र परस्परविरुद्धच राहिली!

परंतु चित्र म्हणजे मोजमाप नव्हे. १९५३ साली शॉल या इंग्रज संशोधकाने मांजराच्या मेंदूतील पेशींसाठी एक साधी युक्ती काढली. पेशीच्या देहाभोवती समान अंतरावर वर्तुळे कल्पावयाची आणि प्रत्येक वर्तुळाला किती फांद्या छेदतात ते मोजावयाचे. फांद्यांची गर्दी कोठे व विरळपणा कोठे, हे आकड्यांत उतरले. अडचण एवढीच की कागद सपाट आणि पेशीला खोली असते. १९६५ साली ग्लेसर व व्हान डेर लूस यांनी सूक्ष्मदर्शकाला संगणक जोडून ती खोलीही टिपली.

आज संगणकाच्या लेखी पेशी म्हणजे एक कोष्टक. प्रत्येक ओळीत एक बिंदू: त्याचा क्रमांक, प्रकार, तिन्ही दिशांतील स्थान, तेथील त्रिज्या आणि तो कोणत्या बिंदूपासून निघाला त्याचा क्रमांक. आपल्याकडील कुलवृत्तांतच म्हणा ना! पण पित्याचा एक क्रमांक चुकला, की सबंध शाखा दत्तकविधान न होताच दुसऱ्या घराण्यात जाते.

ही चूक वरचेवर होते. दोन बारीक तंतू चिकटून गेले की संगणक त्यांना एक समजतो. एखादा छेद अस्पष्ट निघाला की एकाच तंतूचे दोन करतो. २०२४ साली फळमाशीच्या मेंदूतील १,३९,२५५ पेशींचा नकाशा प्रसिद्ध झाला. आराखडा यंत्राने काढला, पण तो माणसांनी तपासून दुरुस्त केला. एकट्याने ते काम केले असते तर सुमारे ३३ वर्षे लागली असती. हा खर्च आम्हांला मुळीच फाजील वाटत नाही. रोगी मेंदूतील पेशीच्या फांद्या झडल्या असे आपण म्हणावे, आणि त्या संगणकाने तोडलेल्या निघाव्या, तर औषध कशावर शोधावयाचे?

आणखी एक खोच आहे. काचेवर चढविलेला मेंदूचा तुकडा सुकून चपटा होतो, म्हणून खोलीचा आकडा त्या प्रमाणात वाढवून घ्यावा लागतो. किती वाढविला हे माथ्यावर लिहिलेले नसेल, तर ते कोष्टक आम्ही बाजूला ठेवतो.