स्टुटगार्टचं वार्तापत्र : आजींना विचारलं का?

मंचर-नारायणगावकडून पुण्याला जाताना चाकणला मर्सिडीजचा कारखाना लागतो, त्यामुळे स्टुटगार्ट कुठे आहे हे आपल्या भागात फार समजावून सांगावं लागत नाही. त्या कंपनीचं हे मूळ गाव आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याची राजधानी. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने याच राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल माणसं पाठवायची असं तेव्हा जाहीर झालं. त्या यादीत इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, स्वयंपाकी होते आणि नर्सही होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २०,०००वरून ९०,०००पर्यंत नेण्याचं ठरवलं. बातम्या इथेच संपतात. विमानतळावर उतरलेली जुन्नरची मुलगी दुसऱ्या दिवसापासून नर्स नसते, हे त्यात कुठे येत नाही.

मी इथल्या एका रुग्णालयात नर्स आहे आणि शिकाऊ व परदेशी नर्सना वॉर्डात शिकवण्याचं कामही करते. इथे अशा माणसाला 'प्रॅक्सिसअनलाइटर' म्हणतात. त्यासाठी ३०० तासांचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. माझं माहेर लेण्याद्रीच्या पायथ्याचं, म्हणून आपल्याकडच्या मुली आल्या की आपसूक माझ्याकडे येतात.

तर कायदा असा आहे. तुमचं जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी इथे आपोआप चालत नाही. एएनएमवर तर हा रस्ताच उघडत नाही. आधी कागद तपासले जातात. या राज्यात ते काम स्टुटगार्टचं विभागीय सरकारी कार्यालय करतं. मग एक पत्र येतं, त्यात तुमच्या शिक्षणात काय कमी आहे याची जंत्री असते. ते वाचून अर्ध्या मुलींना रडू येतं. रडायचं कारण नाही, ते जवळजवळ सगळ्यांनाच येतं. पुढे दोन वाटा असतात : काही महिने देखरेखीखाली काम आणि शिक्षण, किंवा थेट परीक्षा. या परीक्षेचं नाव केंटनिसप्रुफुंग. नाव उच्चारता येईपर्यंत तयारी निम्मी होते, असं आम्ही गमतीने म्हणतो. शेवटी हातात पडतं ते परवान्याचं प्रमाणपत्र. ते मिळेपर्यंत नेमणूक मदतनीस म्हणून आणि पगारही मदतनिसाचा. वृद्धसेवेच्या क्षेत्रात १ जुलै २०२५पासून मदतनिसाला तासाला किमान १६.१० युरो आणि परवानाधारक नर्सला २०.५० युरो ठरले. परीक्षेची किंमत या फरकावरून कळते. शिवाय नापास झाल्यावर ही परीक्षा पुन्हा एकदाच देता येते.

हे सगळं नव्याने चाललंय असं मात्र नाही. १९६०च्या दशकात केरळच्या मुली चर्चच्या ओळखीने पश्चिम जर्मनीत आल्या होत्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला गरज सरल्यासारखी वाटली, तेव्हा त्यांतल्या अनेकींचे राहण्याचे परवाने वाढवून मिळाले नाहीत. केरळ सरकार त्यातून शिकलं असावं, कारण डिसेंबर २०२१मध्ये त्यांच्या नोर्का संस्थेने जर्मन रोजगार खात्याशी करार केला तो भाषेचं शिक्षण, नेमणूक आणि इथे आल्यावरची परीक्षा या तिन्ही गोष्टी धरून. आपण त्या मानाने उशिरा जागे झालो. अर्थात आपल्याकडची देवघेव फार जुनी आहे म्हणा! जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत, पाण्याची टाकी, भोजनमंडप वगैरे. त्यांतल्या दोघांच्या नावापुढे 'गत' हे कुळ आहे, आणि स्टेन कोनोव्ह या नॉर्वेच्या पंडिताने १९१२मध्ये ते गॉथ, म्हणजे जर्मन वंशाचे असावेत असा तर्क केला होता. हा तर्क सगळ्यांना पटलेला नाही, पण इथल्या सहकाऱ्यांना सांगायला मला आवडतो.

आता परीक्षेकडे. एक तोंडी भाग, ४५ ते ६० मिनिटांचा, एखाद्या रुग्णाची हकीकत देऊन. दुसरा भाग प्रत्यक्ष वॉर्डात, खऱ्या रुग्णांबरोबर, दोन परीक्षक शेजारी उभे. एकेका रुग्णाला जास्तीत जास्त दोन तास. आपल्या मुलींना वाटतं, यात अवघड काय? आणि त्यांचं बरोबरही आहे. शीर सापडत नाही अशा म्हाताऱ्याला पहिल्या टोचणीत कॅन्युला लावणारी, नाईटला अख्खा वॉर्ड एकटीने ओढणारी मुलगी कोणाला घाबरणार? पण इथे शिरेत सुई घालणं हे मुळात डॉक्टरचं काम. त्याने सोपवलं तरच नर्सने करायचं. आपल्या मुलीचा सगळ्यांत तयार हात इथे बिनकामाचा ठरतो.

परीक्षक बघतात ते निराळंच. समजा खुब्याचं ऑपरेशन झालेल्या, ८६ वर्षांच्या आजी आहेत. सकाळी त्यांचं अंग पुसायचं आहे. दार लावलं का? पाणी कितपत गरम हवं हे आजींना विचारलं का? जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवला का? तोंड त्यांना स्वतःला धुता येत असेल तर रुमाल त्यांच्या हातात दिला, की घाईत आपणच पुसून मोकळी झालीस? पाठ पुसताना माकडहाडाशी आणि टाचांशी लाली दिसली, ती बोट दाबून तपासली का? शय्याव्रण कसे टाळायचे याचं राष्ट्रीय मानक जर्मन नर्सिंगने २०००मध्येच तयार केलं, आणि त्यातलं एकही पाऊल चुकलं तर परीक्षकाची पेन्सिल हलते.

'चार वर्षं बीएस्सी करून मावशीचं काम करायचं?' हा प्रश्न मला प्रत्येक तुकडीत ऐकू येतो. अंग पुसणं, कवळी धुणं, डायपर बदलणं, घास भरवणं हे आपल्याकडे मावशी, मामा आणि उशाशी बसलेली सून करते. नर्स औषधं, सलाईन आणि कागद बघते. इथे उशाशी कोणी नसतं. भेटायला येणारी लेकसुद्धा तासाभराने निघून जाते. मग ते सगळं नर्सच्या पदरात येतं, आणि ते कमीपणाचं मानलं जात नाही. मला स्वतःला ही पद्धत पूर्णपणे पटलेली नाही. चांगली कसलेली आयसीयू नर्स सकाळभर पाठी पुसत बसते तेव्हा वाया जाते असंच मला वाटतं. पण अंग पुसतानाच रुग्णाची सगळी हालहवाल कळते, हेही मी इथेच शिकले.

सगळ्यांत जास्त मुली अडखळतात त्या कठड्यावर. पलंगाचा कठडा. आपल्याकडे म्हातारं माणूस पडू नये म्हणून दोन्ही बाजूंचे कठडे वर करून जाणारी सिस्टर शहाणी. जर्मनीत रुग्णाच्या संमतीशिवाय तसं करणं म्हणजे त्याचं स्वातंत्र्य हिरावणं; रुग्णाला स्वतःला ठरवता येत नसेल तर त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. परीक्षेत एखादीने सवयीने कठडे वर केले की पुढचे प्रश्न सगळे तिथेच घुटमळतात. 'पण पडल्या असत्या ना!' असं ती मला नंतर सांगते. त्यावर उत्तर आहे : पलंग खाली घे, घंटी हाताशी ठेव, चटई घाल, आणि आधी विचार.

लेण्याद्रीला डोली ठरताना बघा. चढायच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास. भाव होतो तो मुलाशी, वजनाचा अंदाज घेतला जातो सुनेकडून. डोलीत बसायचंय की हळूहळू चालत जायचंय, हे आजींना कोणी विचारत नाही. आपल्या दवाखान्यात डॉक्टरही मुलालाच बाहेर बोलावतात. यात आपली माया नाही असं मी म्हणणार नाही. पण केंटनिसप्रुफुंग नेमकी इथे बोट ठेवते. तिथे औषधशास्त्र पाठ असलेली मुलगी नापास होते आणि जेमतेम जर्मन बोलणारी, पण प्रत्येक गोष्ट विचारून करणारी पास होते.

म्हणून रविवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात जी तालीम चालते, तिचा एकच नियम आहे : पेशंट झालेल्या मुलीने निदान एकदा तरी 'नको' म्हणायचं. घोडेगावकडची एक मुलगी फार छान आजी होते. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून म्हणते, आज मला अंग पुसून घ्यायचं नाही. समोरची लगेच लाडीगोडी सुरू करते : 'थोडंसंच, आजी, दोन मिनिटांत होईल.' मी थांबवते. का नको, हे विचारायचं. दुखतंय का, थंडी वाजतेय का, की परक्या पुरुष नर्सची लाज वाटते? मग नंतर येऊ का विचारायचं, आणि आजींनी नकार दिला असं वेळेसकट नोंदवायचं. आपल्या कानाला हे फार कोरडं वाटतं. पहिल्यांदा सगळ्याच म्हणतात, आजींना असं तसंच ठेवून कसं जायचं?

वॉर्डातलं काम झालं की शेवटी परीक्षक विचारतात, आज तुमचं काय चुकलं, पुन्हा केलंत तर काय वेगळं कराल? आपल्या मुली ताठ उभ्या राहून सांगतात, सगळं नीट झालं. मेट्रनसमोर चूक कबूल करायची नसते, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. इथे मात्र आपली चूक स्वतः दाखवली की ते जमेची बाजू धरलं जातं. आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. बी-टू पातळीचं जर्मन परवान्यासाठी हवंच, पण ते पुस्तकी. इथल्या म्हाताऱ्या रुग्णांची श्वाबियन बोली ऐकून पुण्यात क्लास केलेली मुलगी पहिले काही आठवडे नुसती मान डोलावते. परीक्षेत मान डोलावणं चालत नाही.

पैशांचं मात्र स्पष्ट सांगते. नर्स भरतीचा खर्च मालकाने करायचा, हे तत्त्व पाळणाऱ्या एजन्सींना आणि रुग्णालयांना जर्मन सरकारचं एक प्रमाणचिन्ह मिळतं. ते आहे का ते बघा. भारतात परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटची सरकारकडे नोंदणी लागते, आणि त्याला ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. कोणी जमीन विकायला लावतील एवढे आकडे बोलू लागला तर उठून या. कंत्राटात नोकरी आधी सोडल्यास पैसे परत करण्याची अट कुठे दडलीय तेही वाचा, आणि मुलीला वाचू द्या. फोनवर बाप, मामा, भाऊ बोलतात. ज्या मुलीला यायचंय तिचा आवाज मला तिसऱ्या फोनला ऐकू येतो. आता मी पहिल्याच फोनला तिला द्यायला सांगते.

निघण्याआधी एक कागद मात्र जरूर घ्या. जर्मनीत नर्सचं शिक्षण ४,६०० तासांचं असतं, २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष काम. तुमच्या कॉलेजात कोणत्या विषयाला किती तास झाले आणि कोणत्या वॉर्डात किती, असं तासवार पत्रक सही-शिक्क्यासह लागतं. नुसती मार्कशीट पुरत नाही. कमी काय आहे ते याच पत्रकावरून ठरतं, त्यामुळे त्यात मेडिसिन, सर्जरी, बालरोग, मानसोपचार असे वॉर्ड वेगवेगळे लिहून घ्या. जर्मनीत बसून ते मागवायला गेलं की प्राचार्य बदललेले असतात, क्लार्क निवृत्त झालेला असतो आणि जुनी रजिस्टरं माळ्यावर गेलेली असतात.