उसनी टोपी

परवा दिवाळीच्या सुट्टीत नातू वसतिगृहातून बडोद्याला आला. स्टेशनावर त्याला पाहताच माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते कुशलप्रश्नाचे नव्हे. "हे केस काय रे वाढवलेस?" तो नुसता हसला आणि रात्री त्याने मला एक जुना अमेरिकन मूकपट दाखवला: बस्टर कीटनचा १९२८ सालचा 'स्टीमबोट बिल ज्युनिअर'.

नदीवर जुनाट आगबोट चालवणारा एक धिप्पाड कप्तान. मुलाला त्याने तान्हेपणानंतर पाहिलेले नाही. आता तो बॉस्टनहून शिकून येणार, आपल्याहूनही दांडगा असणार, ही बापाची खात्री. गाडीतून उतरतो तो किरकोळ अंगाचा पोरगा. ओठावर मिशीची रेघ, हातात इवलेसे तंतुवाद्य! बाप त्याला आधी न्हाव्याकडे नेतो, मग टोप्यांच्या दुकानात. टोपीमागून टोपी डोक्यावर चढते नि उतरते. मौज अशी की, कीटनची स्वतःची प्रसिद्ध चपटी टोपी हाती येताच तो ती घाईघाईने दूर सारतो. अखेर बापाच्या पसंतीची एक ठरते, आणि दुकानाबाहेर पाऊल पडताच वारा ती उडवून नेतो.

त्या काळच्या कॉलेजपटांत अशा उसन्या टोप्या पुष्कळ. हॅरॉल्ड लॉइडच्या 'द फ्रेशमन'मधला (१९२५) मुलगा सिनेमातल्या नायकाची नक्कल करून लोकप्रिय होऊ पाहतो. कीटनच्या 'कॉलेज'मधला (१९२७) पुस्तकी पोरगा एका मुलीसाठी मैदानावर धडपडतो. 'स्टीमबोट'मध्ये मात्र वादळ येते. घराची आख्खी दर्शनी भिंत मुलावर कोसळते आणि उघड्या खिडकीमुळे तो नेमका वाचतो. पुढे बोटीच्या यंत्राला दोऱ्या बांधून तो एकट्याने ती हाकतो आणि बुडत्या बापाला वाचवतो. त्या वेळी त्याच्या डोक्यावर कोणती टोपी आहे, हे बाप पाहत नाही.

मी कॉलेजात जाऊ लागलो तेव्हा वडिलांनी मला मांडवीत नेऊन काळी टोपी घेऊन दिली होती. ती गल्लीच्या वळणापर्यंत माझ्या डोक्यावर असे, पुढे खिशात. वडिलांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, हे आईने मला ते गेल्यावर सांगितले. ते कधी एक शब्दही बोलले नव्हते.

सुट्टी संपून नातू निघाला तेव्हा नुकताच न्हालेला होता. "ओल्या केसांनी गाडीत खिडकीशी बसू नकोस," एवढेच मी म्हणालो.