पान ताजे होत नाही, तेव्हा

संकेतस्थळ घडवणाऱ्याने कोडमधील एखादी ओळ बदलून फाइल सेव्ह करताच ब्राउझरमधील पान आपोआप नव्याने उघडते. या सोयीला ‘लाइव्ह रीलोड’ म्हणतात, आणि ती बंद पडली की खापर बहुधा इंटरनेटवर फुटते. इंटरनेटचा या व्यवहाराशी वास्तविक संबंधच नाही. ठाणे आणि दिवा यांच्या दरम्यान १९१६ साली खुल्या झालेल्या पारसिक बोगद्यातून गाडी जात असताना मोबाइलचे नेटवर्क गेले, तरी डब्यातील लॅपटॉपवर पान ताजे होत राहते. कारण फाइल, सर्व्हर आणि ब्राउझर ही तिन्ही एकाच यंत्रात असतात आणि १२७.०.०.१ या पत्त्याचा अर्थच ‘हेच यंत्र’ असा आहे. (फॉन्ट दूरच्या सर्व्हरवरून मागवलेले असतील, तर मात्र पानाचा अवतार बघवत नाही.)

फाइल बदलल्याची वर्दी प्रथम ऑपरेटिंग सिस्टीम देते. लिनक्समध्ये हे काम २००५ पासून ‘आयनोटिफाय’ ही यंत्रणा करते. ती वर्दी मिळताच सर्व्हर वेबसॉकेटवरून, म्हणजे ब्राउझरशी सतत उघड्या राहणाऱ्या दुतर्फा जोडणीवरून, पानाला पुन्हा उघडण्याचा संदेश धाडतो. हा संदेश ऐकणारा जावास्क्रिप्टचा तुकडा अनेक साधनांत सर्व्हरच पानात घुसवतो. त्यामुळे फाइलवर डबल-क्लिक करून, सर्व्हरला वगळून उघडलेले पान त्या संदेशाला बहिरेच राहते, आणि नवशिक्यांची फसगत सर्वाधिक येथेच होते.

साखळी कुठे तुटली हे ओळखण्यासाठी पान एकदा हाताने रिफ्रेश करणे पुरेसे असते. त्याने बदल दिसला, तर वर्दी किंवा संदेश वाटेत हरवला आहे. तरीही दिसला नाही, तर फाइल सेव्ह झालेली नाही, भलतीच फाइल उघडी आहे, किंवा ब्राउझर आपल्या कॅशेतील, म्हणजे साठवून ठेवलेली, जुनी प्रत दाखवत आहे. वर्दी हरवण्याचे एक कारण हमखास निसटते: विंडोजमध्ये ‘डब्ल्यूएसएल २’ या सोयीने लिनक्स चालवताना प्रकल्प विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवला, तर त्या फाइलींतील बदलांची वर्दी लिनक्सपर्यंत पोहोचत नाही. सर्व्हरला ‘पोलिंग’, म्हणजे ठरावीक अंतराने फाइली स्वतः तपासण्यास, सांगता येते. परंतु त्यात प्रोसेसर नाहक राबतो, आणि प्रकल्प लिनक्सच्या फाइल-व्यवस्थेत हलवणे हाच खरा उपाय ठरतो.

कल्याण-डोंबिवलीतील घरात लॅपटॉपवरचे पान मोबाइलवर पाहायचे असेल, तर प्रश्न निराळा असतो. मोबाइलवर १२७.०.०.१ म्हणजे मोबाइलच; तेथे लॅपटॉपचा, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, पत्ता द्यावा लागतो, सर्व्हरने त्या पत्त्यावर जोडण्या स्वीकाराव्या लागतात आणि फायरवॉलने त्या अडवता कामा नयेत. एवढे करूनही पान उघडले नाही, तर दोन्ही उपकरणे एकाच वायफायवर आहेत का, हे पाहावे. राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर जोडलेली उपकरणे बहुधा एकमेकांना दिसत नाहीत.