सोमवारीं अडलेला घोडा

युरोपांतील शहरांत मोटारी येण्यापूर्वीं ओझ्याची बहुतेक वाहतूक घोड्यांवर चाले. दारूचीं पिंपें, कोळशाचीं पोतीं, धान्याच्या राशी ओढणारे हे घोडे उंच, रुंद छातीचे, जाड हाडांचे आणि शांत स्वभावाचे असत. सोमवारपासून शनिवारपर्यंत त्यांना दम खायला फुरसत नसे. रविवार हा मात्र ख्रिस्ती धर्माप्रमाणें विश्रांतीचा दिवस. त्या दिवशीं माणसाबरोबर जनावरालाहि सुटी मिळे. घोडा दिवसभर ठाणावर उभा राही आणि मोतद्दार त्याच्यापुढें रोजच्याइतकीच चंदी ठेवी. सहा दिवस राबलेल्या मुक्या प्राण्याला सातव्या दिवशीं उपाशी कां मारावें, अशी त्यामागें मायाच असे.

सोमवारीं सकाळीं घोडा गाडीला जोडला जाई. तो मोठ्या उत्साहानें बाहेर पडे. परंतु थोडेंसें अंतर जातो न जातो तोंच त्याची चाल बिघडे. अंगाला दरदरून घाम सुटे, मागचे पाय आंखडत आणि पुठ्ठे लाकडासारखे कठीण होत. त्याला पुढें पाऊल टाकवत नसे. लघवी झालीच तर ती काळसर, कॉफीच्या रंगाची होई. कांहीं घोडे थोड्या तासांनीं सांवरत. कांहीं तेथेंच रस्त्यावर बसत आणि पुन्हां उठत नसत.

इंग्रजींत या विकाराला ‘सोमवारचा रोग’ असें नांव पडलें. जर्मन लोक त्याला ‘सुटीचा रोग’ म्हणत. या नांवांतच अर्धें निदान होतें. नुसत्या श्रमानें घोडा अडत नाहीं, श्रमापूर्वींची विश्रांति त्याला भोंवते, हें गाडीवानांना अनुभवानें कळलें होतें. पण एकाच पागेंत राहणाऱ्या, एकाच मापाची चंदी खाणाऱ्या आणि एकच सुटी भोगणाऱ्या घोड्यांपैकीं ठराविक घोडेच सोमवारीं कां अडतात, याचें उत्तर कोणापाशीं नव्हतें. उत्तर सांपडलें नाहीं म्हणजे माणूस स्वभावाला दोष देतो. घोडा आळशी आहे, हट्टी आहे, सुटीनें माजला आहे, असें म्हणून चाबूक उगारणें सोपें असे. वेदनेनें ज्याला जागचें हलतां येत नाहीं, त्याला मारून चालविलें म्हणजे प्रत्येक पावलासरशीं त्याच्या स्नायूंची अधिकच नासाडी होते, हें त्या मारणाऱ्या हाताला ठाऊक नसे.

या कोड्याचा पहिला शास्त्रीय उलगडा स्वीडनमधील कार्लस्ट्रॉम या संशोधकानें १९३२ च्या सुमारास करून पाहिला. प्राण्याच्या स्नायूंत एक प्रकारची साखर साठवून ठेवलेली असते. तिला ग्लायकोजेन म्हणतात. धान्यांतील पिष्ट पचून त्याची साखर होते, ती रक्तांतून स्नायूंत जाते आणि तेथें ग्लायकोजेनच्या रूपानें शिल्लक पडते. अडलेल्या घोड्यांच्या स्नायूंत हा सांठा बेसुमार असतो, असें कार्लस्ट्रॉम यांना आढळलें. एवढी सांठलेली साखर काम सुरू होतांच एकदम फुटते, तिचें दुग्धाम्ल बनतें आणि तें आम्ल स्नायूंना जाळतें, असा त्यांनीं निष्कर्ष काढला. पुढें पडताळा पाहतां या कल्पनेचा पहिला भाग खरा ठरला, दुसरा टिकला नाहीं. सांठा खरोखरच मोठा होता. परंतु अडलेल्या घोड्यांच्या स्नायूंत दुग्धाम्ल मात्र वाढलेलें आढळेना. चोर वेगळाच होता.

तो सांपडण्यास आणखी पाऊणशें वर्षें लागलीं. अमेरिकेंत स्टेफनी व्हॅलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९२ सालीं क्वार्टर जातीच्या घोड्यांतील याच विकाराचें वर्णन केलें. या घोड्यांच्या स्नायूंचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला असतां त्यांत ग्लायकोजेनच्या जोडीला एका विकृत, सहजासहजीं न विरघळणाऱ्या शर्करेच्या गुठळ्या दिसत. नंतर २००८ सालीं मिनेसोटा विद्यापीठांतील मॉली मॅक्यू, व्हॅलबर्ग आणि जेम्स मिकेलसन यांच्या गटानें रोगाचें मूळच हुडकून काढलें. ग्लायकोजेन तयार करणारें जें विकर स्नायूंत असतें, तें बनविण्याचा आराखडा एका जनुकांत असतो. या घोड्यांत त्या आराखड्यांतील एक अक्षर बदललेलें होतें. विकराच्या लांबलचक साखळींत तीनशें नवव्या जागीं आर्जिनिनच्या ऐवजीं हिस्टिडिन आलें होतें. एवढाच काय तो फरक.

एवढ्याशा फरकानें काय होतें? निरोगी स्नायूंत हें विकर गरजेप्रमाणें चालू होतें आणि गरजेप्रमाणें थांबतें. बदललेलें विकर थांबायचें विसरतें. तें रात्रंदिवस साखर सांठवीत राहतें. घोड्यानें पोटभर धान्य खाल्लें कीं रक्तांत साखर वाढते, तिच्यामागोमाग इन्शुलिन वाढतें आणि या आधींच उतावळ्या विकराला आणखी चेव येतो. इन्शुलिनचा दुसरा परिणाम असा कीं, तें शरीरांतील चरबी मोकळी होऊं देत नाहीं. घोडा चालूं लागला म्हणजे स्नायूंना शक्ति हवी असते. ती साखरेंतून मिळावी तर साखर सांठवणीकडे वळलेली, आणि चरबींतून मिळावी तर चरबी अडकलेली. जुन्या वाड्यांतील पेव धान्यानें कांठोकांठ भरलेलें असावें, घरधनी येईल तें धान्य त्यांतच ओतीत असावा आणि चुलीवर शिजवायला मात्र घरांत मूठभर दाणा नसावा, तशी या स्नायूंची अवस्था होते. भरल्या पेवाशीं स्नायु उपाशी मरतो. मेलेल्या स्नायूंतील रंगद्रव्य रक्तांत उतरतें, तेथून लघवींत येतें आणि लघवी काळसर होते. हें द्रव्य फार झालें तर मूत्रपिंडें निकामी होण्याचें भय असतें.

हा दोष आईबापांकडून येतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. यांपैकीं एकच प्रत बिघडलेली असली तरी रोग होऊं शकतो. दोन्ही बिघडलेल्या असल्या तर तो बहुधा अधिक तीव्र असतो. म्हणून एक बिघडलेली प्रत असणाऱ्या घोडीचें प्रत्येक शिंगरूं हा दोष घेऊन जन्मण्याचा संभव निम्मा असतो, मग बाप कितीहि निर्दोष असो. बेल्जियन आणि पर्चेरॉन या ओझ्याच्या जातींत हा दोष फार पसरला आहे. अमेरिकेंतील क्वार्टर घोड्यांतहि तो आहे. उलट शायर आणि क्लाइड्सडेल हेहि ओझ्याचेच घोडे, पण त्यांच्यांत तो क्वचितच सांपडतो. हा बदल हजार-बाराशें वर्षांहून जुना असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एवढा घातक दोष इतकीं शतकें टिकला कसा, असा प्रश्न सहज उद्भवतो. ज्या काळीं घोड्याला रोज राबावें लागे आणि वाट्याला रुक्ष चारा येई, त्या काळीं साखर जपून ठेवणारा स्नायु ही उणीव नसून सोय असेल, असा एक तर्क आहे. दोष जुनाच होता. भरलेला तोबरा आणि रिकामा दिवस हीं दोन्हीं एकत्र आलीं तेव्हां त्याचा रोग झाला.

प्रत्येक अडलेला घोडा याच रोगाचा असतो असें मात्र नाहीं. मुंबई-पुण्याच्या शर्यतींत धांवणारे थरोब्रेड घोडेहि कधीं कधीं असेच आंखडतात. पण त्यांच्यांत हा जनुकदोष जवळजवळ आढळत नाहीं, त्यांच्या विकाराचें कारण निराळें आहे. म्हणून केवळ लक्षणांवरून तर्क करीत बसूं नये. आयाळीचे किंवा शेपटीचे थोडे केंस मुळासकट उपटून प्रयोगशाळेकडे धाडले तरी दोष आहे कीं नाहीं हें निश्चित कळतें.

रोग जडलेल्या घोड्याला बरें करणारें औषध नाहीं. जें रक्तांतच आहे तें काढून टाकणार कसें? तरीहि हे घोडे वर्षानुवर्षें सुखानें जगतात आणि कामहि करतात. त्यासाठीं मालकाला दोन गोष्टी संभाळाव्या लागतात : खाणें आणि चालणें.

खाण्याचा नियम असा कीं पिष्ट आणि साखर शक्य तितकी कमी करावी. ओट, सातू, मका आणि काकवी मिसळलेली चंदी बंद करावी. घोड्याचें मुख्य अन्न गवत. पांचशें किलो वजनाच्या घोड्याला दिवसाकाठीं साडेसात ते दहा किलो वाळलें गवत पुरतें. त्या गवतांत साखर आणि पिष्ट मिळून शेंकडा बारांपेक्षां अधिक नसावें. अधिक असल्यास गवत पाण्यांत भिजवून, तें पाणी टाकून मग घालतात. काम करणाऱ्या घोड्याला अधिक शक्ति हवी असेल तर ती धान्याऐवजीं तेलांतून द्यावी. अगदीं थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवावें आणि त्याच्या जोडीला ई जीवनसत्त्व द्यावें. स्निग्ध पदार्थावर चालायला स्नायु शिकला म्हणजे साखरेच्या कुलुपाचें त्याला फारसें अडत नाहीं. घोडा आधींच लठ्ठ असेल तर मात्र तेल देऊं नये. त्याचें वजन उतरविणें हेंच त्याचें औषध.

पण नुसता आहार बदलून भागत नाहीं. चालण्याचा नियम त्याहून कडक आहे. घोडा रोज हिंडला पाहिजे. दिवसाचे बहुतेक तास त्याला कुरणांत मोकळें सोडावें, आणि त्याशिवाय रोज नेमानें फिरवावें. नवा आहार सुरू करून दोनएक आठवडे गेल्यावर पहिल्या दिवशीं चारपांच मिनिटांची मंद चाल पुरे. मग रोज एकदोन मिनिटें वाढवीत जावें. कामाच्या लांबीपेक्षां त्याचा अखंडपणा महत्त्वाचा. आठवड्यांत एकदां दोन तास पळवून सहा दिवस बांधून ठेवणें हा या घोड्याचा घात आहे. रोजच्या हालचालीनें सांठलेली साखर खर्च होते आणि चरबी जाळण्याची संवय स्नायूंना लागते. गुण दिसायला कित्येक आठवडे, कधीं महिनेहि लागतात. तोंवर धीर धरावा लागतो.

एवढें करूनहि घोडा एखादे दिवशीं अडलाच, तर त्याला तेथेंच थांबवावें. ओढून, मारून घरीं आणूं नये. हवा थंड असेल तर अंगावर झूल घालावी, पाणी पुढें ठेवावें आणि पशुवैद्याला बोलवावें. लघवी काळी दिसली तर क्षणाचाहि विलंब करूं नये. शिरेंतून पाणी देऊन मूत्रपिंडें वांचवावीं लागतात. वेदना ओसरल्यावर मात्र त्याला महिनाभर ठाणावर बांधून ठेवण्याचा मोह टाळावा. एकदोन दिवसांत लहानशा आवारांत मोकळें सोडून हळूहळू पुन्हां चालतें करणें हाच मार्ग.

एक प्रश्न मात्र चाऱ्याच्या मापानें सुटत नाहीं. दोष असलेली घोडी गुणी आहे, देखणी आहे, कामाला चोख आहे. तिची वीण पुढें चालवावी कीं नाहीं? अमेरिकेंतील क्वार्टर घोड्यांच्या नोंदणी-संस्थेनें विणीसाठीं वापरावयाच्या वळूंची जनुक-तपासणी आवश्यक केली आहे. परंतु या दोषापायीं नोंदणी नाकारली जात नाहीं. निर्णय मालकाच्या विवेकावर सोडला आहे. बेल्जियनसारख्या जातींतून दोषी घोडे एकदम वगळले तर जातीचा केवढा तरी भाग गमवावा लागेल, आणि त्यांतले पुष्कळसे घोडे जन्मभर एकदांहि न अडलेले असतात. उलट, माहीत असूनहि वीण चालू ठेवली तर पुढच्या शिंगराची पीडा जाणूनबुजून पदरांत घेतल्यासारखें होतें. पूर्वींच्या मालकाला ही टोंचणी नव्हती, कारण त्याला कांहीं ठाऊकच नव्हतें. आजच्या मालकाला ‘हें मला माहीत नव्हतें’ असें म्हणतां येत नाहीं. निदान विकतांना खरेदीदाराला खरें सांगणें आणि निर्दोष जोडीदाराशींच संबंध करणें, एवढें तरी त्याच्या हातीं आहे.

मोतद्दाराची माया खोटी नव्हती. भरलेला तोबरा आणि दिवसभराची विश्रांति याहून अधिक चांगलें तो आपल्या घोड्याला काय देणार होता? परंतु या घोड्याला तीच माया बाधत होती. आज असा घोडा बाळगणाऱ्याच्या घरीं रविवारचा थाट अगदीं उलटा असतो. दारांत थंडी असो वा पाऊस, मालक सकाळीं उठून गवत तोलतो, धान्याला हात लावीत नाहीं आणि घोड्याला घेऊन नेहमीच्या फेरीला निघतो. म्हणून सोमवारीं तो घोडा अडत नाहीं.