गाडी ट्रॅफिकमध्ये तापते? इंजिनचं तापमान मोबाईलवर बघा आणि घरीच कारण शोधा

आजकालच्या बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये तापमानाची सुईच नसते. इंजिन थंड असेल तर निळा दिवा आणि जास्त तापलं की थेट लाल दिवा. मधलं काहीच दिसत नाही. म्हणजे फोनने बॅटरी १ टक्का उरल्यावरच सांगावं, तसला प्रकार! पण गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, इंजिनचं नेमकं तापमान सतत माहीत असतं आणि ते तुमच्या स्मार्टफोनवर बघता येतं.

यासाठी काही शे रुपयांत मिळणारा ओबीडी अडॅप्टर लागतो. ऑनलाईन शोधताना 'ईएलएम ३२७' असं टाका. २०१३ नंतरच्या बहुतेक कारमध्ये स्टेअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट असतो, त्यात हा बसतो. अँड्रॉइड असेल तर साधा ब्लूटूथवाला चालतो. आयफोनसाठी मात्र वायफाय किंवा ब्लूटूथ एलई असलेलाच घ्या, साधा घेतलात तर जोडलाच जाणार नाही. मग टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप टाकून 'कूलंट टेंपरेचर' हे रीडिंग उघडा. (प्रोग्रामर मंडळींसाठी गंमत: गाडी फक्त एक बाईट पाठवते. त्यातून ४० वजा करायचे. १३० आले तर ९० अंश.)

गरम झालेल्या इंजिनला साधारण ८५ ते १०५ अंश नॉर्मल आहे. ११० च्या पुढे चढतच राहिलं तर गाडी बाजूला घ्या. एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर फुल करा (घाम निघेल, पण हीटर हा इंजिनसाठी छोटा रेडिएटरच असतो) आणि जागा मिळाली की इंजिन बंद करा. 'अजून दोनच किलोमीटर' अजिबात नको. ॲल्युमिनियमचं हेड वाकलं की खर्च हजारांत जातो.

आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. आतलं कूलंट दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते क्षणात उकळून थेट तोंडावर येतं. किमान तासभर थांबा.

आता निदान. पहिला प्रश्न एकच: गाडी नेमकी कधी तापते?

आमचे मामा आरे कॉलनीत राहतात आणि सीएनजी गाडी टॅक्सी म्हणून चालवतात. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली. हायवेवर गाडी मस्त, पण गोरेगावहून मरोळकडे जाताना आरेच्या रोडवर संध्याकाळी रांग लागली की लाल दिवा. एका गॅरेजने न तपासताच सांगितलं, "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल." मामा म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा."

ॲप लावून फिरलो. वेगात ९२, रांगेत थांबलो की ९८, १०३, १०७... आणि बॉनेटखालून पंख्याचा आवाजच नाही! वेगात समोरून वारा लागतो, म्हणून पंख्याची गरज नसते. थांबल्यावर सगळी भिस्त पंख्यावर. घरी येऊन एसी लावला. बऱ्याच गाड्यांत एसी लावला की पंखा फिरायलाच हवा. इथे नाही फिरला. फ्यूज काढून पाहिला, तो ठीक होता. मग बॉनेटखालच्या बॉक्समधला पंख्याचा रिले काढून हॉर्नचा रिले तिथे लावला. दोन्हींवर नंबर एकच होता, म्हणूनच. तो वेगळा असेल तर हा प्रयोग करू नका. पंखा भुर्रकन सुरू! आम्ही कोड डीबग करताना हेच करतो, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नवा रिले दोनशे रुपयांच्या आत आला आणि हेड जागेवरच राहिलं. (गाडी बंद असली तरी पंखा अचानक फिरू शकतो, हात लांब ठेवा.)

उलट केस असेल, म्हणजे थांबल्यावर ठीक पण हायवेवर किंवा चढावर तापते, तर रेडिएटरवर संशय घ्या. आरेसारख्या झाडीतल्या रस्त्यावर पालापाचोळा आणि चिखल जाळीत बसतो. हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने नाजूक पात्या वाकतात. इंजिन तापलंय, पण रेडिएटरचा एक होज गरम आणि दुसरा थंडच, असं असेल तर बहुधा थर्मोस्टॅट बंदच अडकलाय.

कूलंट दर आठवड्याला कमी होत असेल तर गळती आहे. सकाळी गाडीखाली पुठ्ठा ठेवून बघा. सीएनजीवाल्यांनी एक जास्तीची जागा तपासायची: गॅसच्या रेग्युलेटरला गरम ठेवायला कूलंटच्या छोट्या नळ्या जातात, त्यांचे जोड गळतात. नळ्या फक्त बघा, गॅसच्या लाईनला हात लावू नका.

पुठ्ठा कोरडा, तरी कूलंट कमी, इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर, टाकीत बुडबुडे आणि ऑईल दुधाळ, असं सगळं जुळलं तरच गॅस्केटचा विषय. पावसाळ्यात फक्त ऑईलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसला तर घाबरू नका. छोट्या फेऱ्यांमुळे दमटपणाचं पाणी तिथे जमतं. गॅस्केट आणि वॉटर पंप ही कामं मात्र घरची नाहीत, चांगल्या मेकॅनिककडेच द्या.

कूलंट बदलताना जुनं खाली बादलीत घ्या आणि गॅरेजला नेऊन द्या. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतं. आरेत रस्त्याकडेला ओतलं तर कुत्री आणि गुरं ते चाटतात.